पावती जपा!
(मेळाव्यात केलेलं भाषण)



आम्ही बारामतीकडच्या माळेगाव बुद्रुकच्या शिवारातले पारधी. तुमचं जंगल, तसा आमचा माळ. तितर-ससा तिथंच मिळायचा. १८८५ साली नीरेचा डावा कालवा झाला. माळ फुटला, ऊस आला, पुढं साखर कारखाना आला. बागायतदाराला सातबारा, आम्हाला इंग्रजांचा गुन्हेगार जमातीचा शिक्का. तो कायदा १९५२ ला गेला, शिक्का अजून पुसला नाही.

आमचं घर गायरानात. कुडाच्या भिंती, वर पत्रा, दारात आजीनं लावलेला लिंब, पुढं थोडी बाजरी. कागदावर ते 'अतिक्रमण'. सरकारनं १९९१ साली ठरवलं, १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीय भूमिहीनांची गायरानातली शेती नियमित करायची. आजी त्याआधीपासून कसत होती. पण दंडाची पावती तिनं भीतीपोटी चुलीत घातली. पुरावाच जळाला.

तुम्ही तसं करू नका. वनहक्काच्या दाव्याला १३ डिसेंबर २००५ आधीचा ताबा दाखवावा लागतो. घर, बांध, विहीर, मसणवटा, म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाब, हे सगळं पुराव्यात धरतात. एकावर थांबू नका, दोन-तीन जोडा. ग्रामसभेत वाचून दाखवा.

ज्या पावतीनं आपल्याला गुन्हेगार ठरवलं, तीच सांगते की आपण तिथं होतो.

जिंदाबाद!