जो ऐकतो तोच साक्षीदार होतो

(पुण्यात कामाला आलेले आपले लोक आणि वस्तीतले जुने रहिवासी यांच्या एकत्र बैठकीत संघटनेच्या वतीने केलेलं भाषण. गावोगावी ग्रामसभेत वाचून दाखवावं.)



दुपारपासून आपण नुसतं ऐकतोय. ज्याने त्याने आपापली हकिगत सांगितली. आता शेवटी आम्हाला बोलायला लावलंय. आधी आम्ही काय ऐकलं ते सांगतो, मग आपल्या जमिनीचं सांगतो. दोन्ही गोष्टी एकच आहेत, कशा ते बघा.

नदीकाठच्या पेठेत वाढलेल्या आजोबांनी १९६१ सालचं सांगितलं. १२ जुलैला पानशेतचं धरण फुटलं, त्याच दिवशी खडकवासल्याचंही गेलं. अंगावरच्या कपड्यानिशी माणसं पळाली. पुढं गोखलेनगरसारख्या ठिकाणी पूरग्रस्तांच्या वसाहती झाल्या. पिढ्यान्‌पिढ्या पुण्यात राहिलेला माणूस पुण्यातच 'पूरग्रस्त' झाला.

कागद-काच वेचणाऱ्या मावशींनी १९७२ च्या दुष्काळाचं सांगितलं. मराठवाड्यात आईबापांनी दुष्काळी कामावर खडी फोडली, सुकडी खाल्ली, आणि शेवटी पुण्याची वाट धरली. इथं लोक त्यांना चोर म्हणायचे. १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत झाली, हातात ओळखपत्र आलं, तेव्हा कुठं पोलिसाशी मान वर करून बोलता आलं.

पिंपरीच्या काकांनी सिंधचं सांगितलं. फाळणीत त्यांचे वडील घर, दुकान सोडून आले आणि पिंपरीच्या छावणीत राहिले. मागं राहिलेल्या मालमत्तेचे दावे नोंदवून घ्यायला सरकारने १९५० साली कायदा केला होता. काका म्हणाले, आमच्या घरात 'क्लेम' हा शब्द रोजचा होता. ते ऐकून आम्ही एकमेकांकडे बघितलं. कारण आमच्या घरात 'दावा' हा शब्द रोजचा आहे.

आता आमची हकिगत.

आम्ही भात लावणारी माणसं. मृगाच्या आधी राब भाजतो, पेरतो, आवणी करतो. दिवाळीच्या सुमाराला भात घरात येतं, आणि त्यानंतर गावात कामच नसतं. मग कुणी नारायणगावच्या मजूर बाजारात उभं राहतं, कुणी इथं येऊन बिल्डिंगवर बिगारी करतं. हिरड्याच्या दिवसांत काही जण परततात, पावसाच्या तोंडाला सगळेच परततात. आम्ही गाव सोडलेलं नाही. पण गावातला माणूस म्हणतो, हे पुणेकर झाले. आणि पुण्यात विचारतात, तुम्ही कुठले? दोन्हीकडे आम्ही बाहेरचे.

पुण्याच्या लोकांना एक गोष्ट सांगायची आहे, राग मानू नका. तुमच्या नळाला पाणी येतं ते पानशेत, वरसगाव, टेमघरच्या धरणांतून. त्या पाण्याखाली गावं आहेत, देवळं आहेत, भाताची खाचरं आहेत. त्याच्याही आधी, १९२१ साली, मुळशीच्या मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. सेनापती बापट त्यात तुरुंगात गेले. १९२४ पर्यंत लढा चालला, पण धरण झालंच. तिथं बऱ्याच जमिनी कागदावर पुण्यातल्या सावकारांच्या नावे होत्या आणि कसणारा मावळा होता. मोबदल्याची बोलणी कागदावरच्या मालकाशी झाली. खाचर कुणी फोडलं, बांध कुणी घातला, हे विचारायला कोण जाणार?

आमच्या आंबेगाव तालुक्यात घोड नदीवर डिंभ्याचं धरण झालं, आणि महादेव कोळ्यांची गावं पाण्यात गेली. पण तिथले लोक हटले नाहीत. उन्हाळ्यात पाणी उतरलं की उघडी पडते ती गाळपेर जमीन कसायचा हक्क त्यांनी मागितला, आणि धरणात मासेमारीची स्वतःची सोसायटी उभी केली. हे त्यांना जमलं, कारण कुणाची जमीन कुठपर्यंत होती हे गावाला तोंडपाठ होतं.

आता ज्यासाठी उभे राहिलो ते.

आमच्यातल्या एका घराचं सांगतो. नाव सांगत नाही. वनहक्काचा दावा टाकलेला. भात झोडून झाल्यावर नवरा-बायको लेकरं घेऊन इथं साईटवर आली. माघात पाहणी झाली. घराला कुलूप. कागदावर लिहिलं गेलं, 'दावेदार गैरहजर, पुरावा अपुरा'. शेजारी बांधावर उभा होता. तो बोलला नाही. का बोलला नाही, हे आम्ही त्याला नंतर विचारलं. तो म्हणाला, मला कुणी विचारलं नाही. आणखी थोड्या वेळाने म्हणाला, मला वाटलं, ते काय आता परत येतात. खोटं कशाला बोला, आपल्या सगळ्यांच्या मनात असं कधी ना कधी येतं. शेजारचं रान मोकळं पडलं तर आपला बांध चार पावलं पुढं सरकेल, असंही येतं. ते बोलून टाकलेलं बरं.

त्या घराला दावा गेल्याचं पावसाळ्याला परत गेल्यावर कळलं.

आणि हे हलकं घेऊ नका. १३ फेब्रुवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टाने दावे नाकारलेल्यांना जंगलातून काढायचा आदेश दिला होता. देशभर लोक उठले, तेव्हा २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती मिळाली. म्हणजे नाकारलेला दावा हा नुसता फायलीतला कागद नसतो. उद्या तोच घर उठवायला येतो.

कायदा काय म्हणतो ते नीट ऐका. २००६ चा वनहक्क कायदा म्हणतो, आदिवासीचा कब्जा १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा पाहिजे. पुरावा म्हणजे फक्त दंडाची पावती नाही. घर, झोपडी, सपाटीकरण, बांध, हे पुरावे आहेत. विहीर, स्मशान, देवाची जागा, हे पुरावे आहेत. वंशावळ पुरावा आहे. आणि नियम १३ म्हणतो, वडीलधाऱ्यांचं लेखी घेतलेलं निवेदन हाही पुरावा आहे. पण त्यात एक अट आहे. ते वडीलधारं माणूस स्वतः दावेदार नको. दुसरं पाहिजे.

म्हणजे माझी हकिगत मी सांगून इथं भागत नाही. ती दुसऱ्याने सांगायची आहे. आणि दुसरा ती तेव्हाच सांगेल, जेव्हा त्याने ती बघितलेली असेल, ऐकलेली असेल आणि मनात धरलेली असेल. आपण शेजाऱ्याशी बोलणं सोडलं तर आपला साक्षीदार गेला.

आज इथं काय झालं बघा. मागं बसलेली आजी लेकीकडे पुण्यात राहते. मघाशी ती जुन्या दिवसांचं सांगत होती. ओढ्याकडचा बांध कुणी घातला, दगड कुणी वाहिले, त्या वर्षी कुणाच्या घरी पहिलं भात आलं. सांगता सांगता कळलं, तो बांध त्याच घराचा, ज्याचा दावा गेला. ती त्या घरची नाही, दावेदारही नाही. सगळं तिने डोळ्याने बघितलंय. गावात आम्ही पुरावा शोधत फिरत होतो, आणि पुरावा इथं नातवंडं सांभाळत बसलेला होता. वस्तीतल्या कॉलेजच्या पोरीने ते तिच्या शब्दांत लिहून घेतलंय. आजी म्हणते, मी गावाला येते आणि ग्रामसभेत बोलते. अपिलाचं पुढं काय होईल ते आज सांगता येत नाही. पण कालपर्यंत हात रिकामा होता, आज नाही.

वस्तीतल्या लोकांनो, तुम्हालाही तारीख आहेच. झोपडीला १ जानेवारी २००० ची, आमच्या रानाला १३ डिसेंबर २००५ ची. तुम्हालाही विचारतात, त्या तारखेला तू कुठं होतास? गरिबालाच हा प्रश्न विचारला जातो. म्हणून तुमचं-आमचं एकमेकांना माहीत असलं पाहिजे.

आता कामाचं बोलू. हे गावातही सांगा.

एक. कामाला निघायच्या आधी वनहक्क समितीला कळवा. माझ्या वतीने कोण उभं राहील त्याचं नाव देऊन जा. दाव्यांचे ठराव होतात त्या ग्रामसभेत निम्मे दावेदार किंवा त्यांचे प्रतिनिधी हजर लागतात. प्रतिनिधी चालतो, हे विसरू नका.

दोन. भटक्या आणि गुराखी समाजाच्या दाव्यांची पाहणी ते हजर असतील तेव्हाच करायची, असं नियमात लिहिलंय. आपल्या ग्रामसभेने ठराव करावा, कामाला गेलेल्यांची पाहणीही ते परत आल्यावरच व्हावी.

तीन. दावा नाकारला तर ते दावेदाराला समक्ष कळवायचं असतं. कळल्यापासून ६० दिवसांत अपील करा. ज्याचा दावा गेला त्याला शेजाऱ्याने त्याच दिवशी पुण्याला फोन करावा.

चार. प्रत्येक गावाने म्हाताऱ्यांची यादी करावी. जे गावात आहेत त्यांची, आणि पुण्यात, नारायणगावात लेकाकडे, लेकीकडे आहेत त्यांचीही. या दिवाळीच्या आत त्यांची निवेदनं लिहून घ्यावीत. म्हातारी माणसं आपल्या सवडीची वाट बघत थांबत नाहीत.

पाच. पाहणीच्या दिवशी बांधावर उभा असलेला शेजारी गप्प राहणार नाही, एवढं प्रत्येक पाड्याने ठरवावं.

वस्तीने आज आपल्याला चहा पाजला, भाकरी दिली आणि आपलं ऐकून घेतलं. पुढची बैठक आपल्या गावात. आवणी झाली की या. ज्या बांधाचं आज ऐकलं, तो डोळ्याने बघून जा.

जिंदाबाद!