शिट्टी आणि खराटा



सभेच्या अध्यक्षानं चार गोड शब्द बोलून खाली बसावं, अशी रीत आहे. आज ती मोडतो.

२०१७ सालचा उन्हाळा, टँकरचे दिवस. मोताळ्याकडच्या एका गावात पहाटे उघड्यावर शौचाला जाणाऱ्यांना पकडणारं 'गुड मॉर्निंग पथक' पांदणीच्या तोंडाशी दबा धरून उभं होतं. सत्तरीची एक बाई डबा घेऊन आली. शिट्टी वाजली, बॅटरीचा झोत थेट तोंडावर, कुणी मोबाइलवर फोटो काढला. मग तिच्या हातात गुलाबाचं फूल दिलं आणि टाळ्या वाजवल्या. पदरानं तोंड झाकत ती म्हणाली, "प्याले पानी नाई बापा, अन् संडासात काय ओतू?" संडास होता तिच्या घरी. त्यात तुराट्या रचून ठेवल्या होत्या. मी तिथं उभा होतो आणि गप्प राहिलो. त्याची लाज मला अजून आहे.

संडास मलाही हवेत. हगवणीनं वाळलेली लेकरं मी पाहिली आहेत. पथकातली माणसंही दुष्ट नव्हती. गावाचं भलं कशात आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून त्या बाईला काही विचारावं असं त्यांना वाटलंच नाही. मला भीती वाटते ती याच खात्रीची.

ही खात्री आपल्या विधिमंडळानंही एकदा दाखवली होती. आणीबाणीत, १९७६ साली, तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयक महाराष्ट्रानं मंजूर केलं. असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य, पुरोगामी म्हणवणारं! राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही. आपण शहाणे होतो म्हणून नव्हे. हेतू विचाराल तर उदात्तच होता: गरिबी हटावी, पोरं पोटभर जेवावीत.

आणि आपल्याच वऱ्हाडात, शेंडगावात जन्मलेले गाडगेबाबा काय करायचे? गावात शिरले की आधी स्वतः खराटा घेऊन रस्ता झाडायचे. रात्री कीर्तनात प्रश्नामागून प्रश्न टाकायचे, उत्तर लोकांच्याच तोंडून काढायचे. कुणाला अंधारात पकडलं नाही त्यांनी. सरकारनं स्वच्छता अभियानाला त्यांचं नाव दिलं, आणि पुढं हातात मात्र शिट्टी घेतली.

हे सगळं सांगायचं कारण, आज दुपारी आपल्यापुढं दारूबंदीचा ठराव येतो आहे. दारूनं उठलेली घरं मला मोजून दाखवता येतील, ठराव माझ्या मनातलाच आहे. पण त्यात तिसरं कलम आहे: पिणाऱ्याच्या घरचं रेशन बंद करा. म्हणजे तो पिणार आणि उपाशी राहणार त्याची बायको. तिला विचारलंय कुणी? ते कलम खोडल्याशिवाय त्या ठरावाखाली माझी सही होणार नाही.