मलाचा रंग काय सांगतो?
(पालक मेळाव्यातील भाषण)



विषय ऐकून मागच्या रांगेत हसू फुटले आहे. फुटू द्या. ही गोष्ट चारचौघांत बोलायची नाही असा आपला रिवाज आहे. पण तहारतीची तालीम आपण मुलांना लहानपणीच देतो. पाणी ओतण्यापूर्वी एकदा पाहावे, एवढीच तिच्यात भर घालायची आहे.

मलाचा तपकिरी रंग अन्नाचा नसून पित्ताचा असतो. यकृतातील हिरवट-पिवळे पित्त नळीवाटे आतड्यात उतरते व तेथील जंतू त्याचे तपकिरी द्रव्य बनवतात. त्यामुळे पिवळट किंवा हिरवट छटेने सहसा घाबरू नये. पालक-मेथी जास्त झाली तरी मल हिरवा दिसतो.

काळ्या रंगाबाबत मात्र घोटाळा होतो. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी, गरोदर भगिनींना मिळणारी लोहाची गोळी, यांनी मल काळपट होतो. ते पाहून गोळ्या फेकून देणाऱ्या घरांना माझे सांगणे आहे की रक्तक्षय त्या काळेपणापेक्षा वाईट. पण डांबरासारखा चिकट, चकचकीत, उग्र वासाचा काळा मल असेल, सोबत चक्कर येत असेल, तर जठरात रक्तस्राव होत असावा. सोयाबीन काढणीच्या दिवसांत अंग दुखते म्हणून उपाशीपोटी वेदनाशामक गोळ्या घेणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

लाल रंग बीट खाल्ल्याने येतो, तसाच मूळव्याधीने व आवेनेही. रक्त वारंवार दिसले तर ‘मूळव्याधच असेल’ असे घरीच ठरवू नये. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब ही पटकीची खूण. तेव्हा क्षारसंजीवनीचे पाणी देत देतच दवाखान्याकडे निघावे.

आता पांढऱ्या रंगाकडे येतो, कारण तेथे वेळ हातात नसतो. खडूसारखा वा राखाडी मल म्हणजे पित्त आतड्यात पोहोचत नाही. मोठ्यांत पित्ताचा खडा, काविळीचा आजार, कधी गाठही असते. आपला जिल्हा हळदीचा, आणि कावीळ झाली की घरात प्रथम हळद बंद होते! हळदीच्या पिवळेपणाचा काविळीशी काही संबंध नाही.

तान्ह्या बाळात ही खूण फार मोलाची. काही बाळांची पित्तनलिका बंद असते. जपानचे शल्यचिकित्सक मोरिओ कासाई यांनी १९५० च्या दशकात यावर शस्त्रक्रिया शोधली, पण ती साधारण पहिल्या साठ दिवसांत झाली तरच अधिक यश देते. तैवानने २००४ पासून देशभर मातांना मलाच्या रंगांचे कार्ड दिले आहे. आपल्याकडे आई-बाळ चिल्ल्याचे चाळीस दिवस घरातच असतात. भगिनींनो, बाळाची कावीळ चौदा दिवसांनंतरही राहिली, मल फिका असला, लघवीने लंगोट पिवळा होत असला, तर चिल्ला संपायची वाट पाहू नका. तोच लंगोट पिशवीत घालून बालरोगतज्ज्ञांकडे न्या आणि उजेडात दाखवा.