जुन्या व्हिडिओ गेमचे संकलन : एक संपादकीय विचार



मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने व्हिडिओ गेमवर बोलावे याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. विषय कळविल्यावर आपल्या कार्यवाहांनीही दूरध्वनीवर दोनदा खात्री करून घेतली. त्यांना जे उत्तर दिले तेच येथे देतो. माझे सारे आयुष्य जुन्या पोथ्यांच्या पाठभेदांत गेले. एकाच ग्रंथाच्या दहा प्रती समोर असताना छापायचे काय, गाळायचे काय आणि टीपेत ठेवायचे काय, हा माझा धंदा. अलीकडे नातवाच्या संगतीने जुन्या खेळांची काही संकलने पाहण्याचा, आणि बोटे चालतील तितकी खेळण्याचाही योग आला, तेव्हा ध्यानात आले की तेथेही प्रश्न नेमका हाच आहे. वडोदऱ्यात हे समजावून सांगणे तसे कठीण नाही. याच शहरातील प्राच्यविद्या मंदिराने वाल्मीकिरामायणाची चिकित्सक आवृत्ती सात खंडांत १९६० ते १९७५ या काळात सिद्ध केली. संहितानिश्चिती म्हणजे काय कष्ट असतात, हे या गावाला निराळे सांगावयास नको.

प्रथम निकड सांगतो. पोथी जुनी झाली तरी डोळ्यांनी वाचता येते. व्हिडिओ गेमचे तसे नाही. ज्या यंत्रासाठी तो लिहिला ते यंत्र बंद पडले की खेळ मुका होतो. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेने २०२३ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. २०१० पूर्वी त्या देशात निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात रीतसर मिळत नाहीत, असे तीत दिसून आले. ग्रंथालयांनी असे खेळ दूरच्या अभ्यासकांना घरबसल्या पाहू द्यावेत ही मागणी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये अमान्य केली. तेव्हा सामान्य माणसाच्या हाती सरळ मार्गाने जे जुने खेळ येतात, ते बरेचसे संकलनांतून. परशुरामतात्या गोडबोले यांच्या १८५४ सालच्या ‘नवनीता’ची येथे आठवण होते. वामन आणि मोरोपंत कित्येक पिढ्यांना प्रथम भेटले ते त्या वेच्यांतून, आणि पुष्कळांना तेवढेच भेटले. जे संकलकाने निवडले ते राहिले. जसे दिले तसेच मूळ मानले गेले. संकलकाची जबाबदारी एवढी मोठी असते.

आकड्याच्या मोहाबद्दल दोन शब्द बोलून पुढे जाऊ. समोर बसलेल्या नव्वदच्या दशकातील माजी विद्यार्थ्यांना ती पिवळी किंवा काळी कॅसेट आठवत असेल. वेष्टनावर ‘९९९९९९ इन १’ असा दिमाखदार आकडा, आत मोजून सात-आठ खेळ, आणि तेच नाव बदलून, कुठे तिसऱ्या टप्प्यापासून तर कुठे पाचव्यापासून, पुन्हा पुन्हा मांडलेले! त्या कॅसेटींनी आपल्या मुलांना मारिओ आणि काँट्रा यांची ओळख करून दिली हे त्यांचे पुण्य खरे. पण खेळ कोणी रचला, केव्हा रचला, याची खूण त्यांत शोधूनही सापडत नसे. अमेरिकेत १९९१ मध्ये ‘ॲक्शन ५२’ नावाची बावन्न खेळांची कॅसेट १९९ डॉलरला विकली गेली. तीतले बरेच खेळ धड चालतही नसत. तिच्याविषयी अधिक बोलण्याची गरज नाही.

आता मूळ पाठाकडे येतो, कारण माझ्या मते सारे मर्म तेथे आहे.

‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा तोमोहिरो निशिकादो यांचा १९७८ चा जपानी खेळ. वरून रांगांनी उतरणारे परग्रहवासी आपण टिपत जातो आणि जसजसे ते कमी होतात तसतसे उरलेले अधिक वेगाने चालून येतात. खेळाचा सारा जीव या चढत्या लयीत आहे. पण ती लय आली कोठून? त्या काळच्या यंत्राला पडद्यावर पुष्कळ आकृत्या एकदम हलविणे जड जात असे; आकृत्या कमी झाल्या की त्याचा भार हलका होई आणि गती वाढे. निशिकादोंनी ही यंत्राची मर्यादा ओळखली आणि काढून न टाकता तशीच ठेवली. उद्या एखाद्या उत्साही संपादकाने आजच्या बलवान संगणकावर हा ‘दोष’ दुरुस्त करून सर्व परग्रहवासी एकाच चालीने चालविले, तर चित्रे तीच राहतील, खेळ मात्र मरेल. जुन्या कवितेतील अपभ्रष्ट वाटणारे रूप पाणिनीप्रमाणे शुद्ध करून वृत्त मोडणारे संपादक मी पाहिले आहेत. २०१५ साली ‘मेगा मॅन’च्या पहिल्या सहा खेळांचे जे संकलन निघाले त्यात मूळ यंत्रावरचे अडखळणे आणि आकृत्यांचे लुकलुकणेही जपले होते. मला तो निर्णय धाडसाचा आणि योग्य वाटतो.

लयीचेच दुसरे उदाहरण. डिसेंबर २०१८ मध्ये सोनी कंपनीने आपल्या पहिल्या प्लेस्टेशनची छोटी प्रतिकृती वीस निवडक खेळांसह विक्रीस आणली. त्यांपैकी नऊ खेळ युरोपीय आवृत्तीचे निघाले. युरोपातील जुने दूरदर्शन संच सेकंदाला पन्नास वेळा चित्र उमटवीत, जपान-अमेरिकेतील साठ वेळा. त्यामुळे युरोपीय आवृत्तीत हालचाल मंद किंवा अडखळती होई. येथील गेम पार्लरांत मुलांनी ज्या ‘टेकन ३’साठी खाऊचे पैसे उधळले तोही त्या नवांत होता. द्रुत लयीची बंदिश मध्यलयीत ऐकावी तसे ते झाले. मूळ कंपनीच संपादक, सर्व प्रती तिच्याच घरात, आणि तरीही निवडली ती उणी प्रत! घरचा संपादक असला म्हणजे पाठ प्रमाण, असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

पडद्याचा विचारही पाठातच मोडतो. ‘सॉनिक’ या १९९१ च्या खेळातील धबधबे आजच्या सपाट पडद्यावर उभ्या पट्ट्यांच्या जाळीसारखे दिसतात. चित्रकाराने पट्ट्याच काढल्या होत्या. परंतु त्या वेळच्या काचेच्या नळीच्या दूरदर्शन संचावर, साध्या वायरीतून येताना, त्या एकमेकींत मिसळत आणि पाण्याची पारदर्शकता निर्माण होई. म्हणजे चित्र अर्धे कॅसेटीत होते, अर्धे संचात. चांगले संकलन जुन्या पडद्याचा आभास देणारी सोय ठेवते, चौकटीचे प्रमाण ताणून बिघडवीत नाही, आणि ज्याला ती सोय नको त्याला ती बंदही करू देते.

आता लिपिकारांच्या चुकांकडे वळू. ‘सायलेंट हिल’ मालिकेतील दुसरा आणि तिसरा भाग २०१२ मध्ये नव्या रूपात एकत्र निघाले, तेव्हा निर्मात्यांच्या हाती मूळ कंपनीकडून पूर्ण झालेला कोड आलाच नाही. आला तो अपुऱ्या अवस्थेतील. म्हणजे ग्रंथकाराचा कच्चा खर्डा पुढे ठेवून पक्की आवृत्ती छापायची! मूळ खेळात कधीच निस्तरलेले दोष पुन्हा वर आले. २०२१ च्या नोव्हेंबरात ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’च्या तीन खेळांचे संकलन ‘निर्णायक आवृत्ती’ या नावाने प्रसिद्ध झाले. त्यात जुनी चित्रे यंत्राकरवी मोठी आणि गुळगुळीत केली होती. दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरे बदलली, शब्द चुकले. एक उदाहरण तर आमच्या पाठचिकित्सेच्या वर्गात शिकवावे असे आहे. मूळ खेळात डोनटच्या एका दुकानावर भलामोठा षट्कोनी लोखंडी नट बसविलेला होता. डोनट आणि नट यांवरचा तो श्लेष. दुकानाच्या नावातही ‘नट’ होताच. नव्या आवृत्तीत त्या नटाचे सहाही कोन घासून तो गोल करण्यात आला. श्लेष न कळलेल्या लिपिकाराने अवघड शब्द सोपा करावा, तसा हा प्रकार. आम्ही अशा ठिकाणी अवघड पाठच बहुधा खरा मानतो. यंत्राला हे कोण सांगणार?

अशा चुका पुढे सुधारता येतात. माझी खरी तक्रार निराळी आहे. नवे संकलन बाजारात आणण्यापूर्वी त्या तिन्ही खेळांच्या जुन्या आवृत्त्या विक्रीतून काढून घेण्यात आल्या. लोकांनी फार ओरड केली तेव्हा कंपनीने क्षमा मागून संगणकासाठीच्या जुन्या आवृत्त्या परत आणल्या. पुढच्याच वर्षी ‘सॉनिक ओरिजिन्स’ हे संकलन आले. त्यातील तिसऱ्या खेळाच्या काही टप्प्यांचे मूळ संगीत जाऊन दुसरे आले, आणि संकलन येण्याआधी बहुतेक दुकानांतून जुने सॉनिक खेळ उचलले गेले. त्याहून आधी निन्टेन्डोने मारिओच्या तीन खेळांचे संकलन १८ सप्टेंबर २०२० पासून ३१ मार्च २०२१ पर्यंत, म्हणजे जेमतेम साडेसहा महिने विकले आणि मग थांबविले. नवी आवृत्ती काढण्याचा अधिकार मी कोणाला नाकारीत नाही. पण नवी गाथा छापली म्हणून जुनी छापील प्रत वाचकाच्या कपाटातून कोणी नेत नाही. ती शेजारी असते, म्हणूनच नवीचे गुणदोष कळतात. तुलनेचे साधनच काढून घेणे याला मी संपादन म्हणणार नाही.

नावांचा घोळ हेही एक प्रकरण आहे. जपानात १९८६ साली निघालेला ‘सुपर मारिओ ब्रदर्स २’ आणि अमेरिकेत १९८८ साली त्याच नावाने निघालेला खेळ हे दोन अगदी भिन्न खेळ. अमेरिकेतला खेळ म्हणजे ‘डोकी डोकी पॅनिक’ या दुसऱ्याच जपानी खेळातील पात्रे बदलून केलेले रूपांतर होते. १९९३ च्या ‘सुपर मारिओ ऑल-स्टार्स’ या संकलनाने जपानी खेळ ‘लॉस्ट लेव्हल्स’ या नावाने बाहेरच्या जगाला प्रथम दिला आणि दोन्ही खेळ शेजारी ठेवले. चित्रे नव्याने काढली हे मला फारसे रुचत नाही, तरीही या एका कामासाठी मी त्या संकलनाला मानतो.

आणि कर्त्याचे नाव. आपल्या संतकवींनी अभंगाच्या शेवटी नाममुद्रा घातली म्हणून आज निदान वाद तरी घालता येतो. अटारी कंपनी आपल्या खेळांवर रचनाकाराचे नाव घालीत नसे. याच असंतोषातून चार जण बाहेर पडले आणि १९७९ मध्ये त्यांनी ॲक्टिव्हिजन ही कंपनी काढली. वॉरन रॉबिनेट यांनी दुसरा मार्ग धरला. १९८० च्या ‘ॲडव्हेंचर’ या खेळात त्यांनी एक गुप्त खोली रचली. दिसेल न दिसेल असा एक ठिपका उचलून आणला तरच तीत शिरता येते, आणि आत भिंतीवर रचनाकार म्हणून रॉबिनेट यांचे नाव झळकते. कंपनीला हे कळेपर्यंत ते नोकरी सोडून गेले होते. ही नाममुद्रा संकलकाने नुसती राखून भागत नाही. ती का घालावी लागली तेही वाचकाला सांगितले पाहिजे.

नेमके तेच करणारे संकलन म्हणजे डिजिटल इक्लिप्स या संस्थेने नोव्हेंबर २०२२ मध्ये काढलेले ‘अटारी ५०’. त्यात शंभराहून अधिक खेळ कालक्रमाने एका रेषेवर मांडले आहेत. मधून मधून जुनी पत्रके, आराखडे, रचनाकारांच्या मुलाखती येतात, आणि वाचता वाचता तो खेळ तेथेच खेळता येतो. प्रस्तावना, संहिता आणि टीपा यांची अशी सांगड मी ग्रंथांतही क्वचित पाहिली आहे. ‘स्वोर्डक्वेस्ट’ ही चार खेळांची मालिका १९८०च्या दशकात तिसऱ्यावरच खुंटली होती. संपादकांनी चौथा खेळ नव्याने रचला, पण तो आपला आहे असे स्पष्ट सांगून निराळा ठेवला. प्रक्षेप आणि पूर्ती यांतला भेद त्यांना कळतो.

त्याच संस्थेने २०२३ मध्ये ‘कराटेका’ या एकाच खेळाचे संकलन केले. जॉर्डन मेक्नर यांनी येल विद्यापीठात शिकत असताना रचलेला हा खेळ १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. संकलनात त्याच्या खेळता येण्याजोग्या कच्च्या आवृत्त्या आहेत, निरनिराळ्या संगणकांवरची रूपे आहेत, मेक्नर यांची रोजनिशी आहे, आणि खेळाला संगीत देणाऱ्या त्यांच्या वडिलांशी झालेला संवादही आहे. चित्रफितीवरून एकेक पाऊल रेखून हालचाल कशी उतरविली, ते टप्प्याटप्प्याने दिसते. एक खेळ आणि त्याच्या सर्व प्रती! माझ्यासारख्याला याहून काय हवे?

नवशिक्याच्या सोयीबद्दल थोडे मतभेद आहेत. चूक झाली की खेळ मागे फिरविण्याची, वाटेल तेथे थांबून खूण ठेवण्याची सोय आता बहुतेक संकलनांत असते. शुद्धतावादी नाके मुरडतात. मला त्यात गैर वाटत नाही. पदच्छेद आणि अन्वय दिल्याने मोरोपंत बाटत नाहीत. अट एवढीच की ती सोय खेळाबाहेर, समासात असावी. संहितेत मिसळू नये.

राहता राहिले गाळलेल्या खेळांचे. ‘ई. टी.’ हा खेळ हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ यांनी १९८२ मध्ये सुमारे पाच आठवड्यांत उरकला. तो आपटला, आणि त्याच्या न खपलेल्या कॅसेटी इतर मालासह १९८३ मध्ये न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो येथे पुरण्यात आल्या. २०१४ मध्ये त्या उकरून काढल्या. चित्रपटाचे हक्क दुसऱ्यांचे असल्याने ‘अटारी ५०’मध्ये हा खेळ खेळायला नाही, त्याची हकीकत मात्र तेथे सांगितली आहे. पोथीचे पान गहाळ असेल तर तेथे कोरी जागा सोडून तसे लिहावे, अशी आमची रीत आहे. संकलनांच्या वेष्टनांवर अशी गाळलेल्यांची यादी छापली जावी असे मला फार वाटते. आजवर तरी कोणी ती छापल्याचे मी पाहिलेले नाही.

वेळ झाली आहे.  ज्या माजी विद्यार्थ्यांच्या घरी त्या जुन्या कॅसेटी अजून असतील त्यांनी व्याख्यानानंतर मला अवश्य भेटावे. मला त्या पाहावयाच्या आहेत.