कचराभूमी आणि तिच्याखालचे पाणी
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



मंगल प्रसंगी कचऱ्याविषयी बोलणे काहींना औचित्याला सोडून वाटेल. परंतु ज्या दिल्लीने आपणां मराठी कुटुंबांना आसरा दिला, तिच्या कडेला गाझीपूर (१९८४), भलस्वा (१९९४) आणि ओखला (१९९६) येथे कचराभूमी सुरू झाल्या व त्यांचे डोंगर झाले. १ सप्टेंबर २०१७ रोजी गाझीपूरच्या डोंगराचा कडा कोसळून दोघांचा बळी गेला. तो अपघात सर्वांना दिसला; डोंगराखाली काय चालते ते दिसत नाही. पावसाचे पाणी कचऱ्यातून झिरपताना क्षार, अमोनिया व धातूंचे अंश घेऊन काळे होते. या तिन्ही जागी तळाला अभेद्य अस्तर नव्हते. ते पाणी भूजलापर्यंत पोचले.

म्हणून नवी जागा सुचविली जाते, तेव्हा तिच्या भूगर्भाची परीक्षा आधी झाली पाहिजे, असे आम्ही आग्रहाने म्हणतो.

आपल्या गावाकडे विहीर खणताना मुरूम, मांजऱ्या आणि काळा कातळ असे थर लागतात. अखंड कातळातून पाणी जात नाही, पण चार पावलांवरच्या भेगेतून ते खुशाल वाहते. दिल्लीच्या डोंगरकण्यातील क्वार्ट्झाइटचीही तीच तऱ्हा. यमुनेच्या गाळात वाळू, पोयटा आणि कंकरमिश्रित चिकणमाती यांचे थर एकाआड एक असतात. चिकणमातीचा थर मध्येच संपतो. तात्पर्य, एका बोअरवरून जागेचा निवाडा करता येत नाही.

दुसरी गोष्ट ऋतूची. मे महिन्यात कोरडा दिसणारा खड्डा भाद्रपदात ओला होऊ शकतो. केंद्रीय भूजल मंडळ निरीक्षण-विहिरींची पातळी जानेवारी, मे, ऑगस्ट व नोव्हेंबर अशी वर्षातून चार वेळा मोजते, ते याचसाठी. २०१६ च्या घनकचरा नियमांनी अस्तराचा तळ पाण्याच्या सर्वोच्च पातळीहून किमान २ मीटर वर असावा, असे सांगितले. ही सर्वोच्च पातळी उन्हाळ्यातल्या एका मोजणीने कशी कळणार?

तिसरी गोष्ट प्रवाहाच्या दिशेची. एका रेषेत नसलेल्या किमान तीन विहिरींतील पातळी समुद्रसपाटीच्या संदर्भाने मोजली, तर भूजलाचा उतार कळतो. मग एक निरीक्षण-विहीर प्रवाहाच्या वरच्या अंगाला आणि बाकीच्या खालच्या अंगाला ठेवाव्या. कचरा पडण्यापूर्वीच्या पाण्याची तपासणी नोंदलेली नसेल, तर पुढे दोष कोणाचा, हे सिद्ध करणे कठीण जाते.

त्याच नियमांनी ९० सेंटिमीटर जाडीचा मातीचा थर आणि त्यावर १.५ मिलिमीटर जाडीचे प्लॅस्टिकचे अस्तर सांगितले. त्या मातीतून, उताराचे मान एकास एक धरले तर, वर्षाला सुमारे ३ सेंटिमीटर पाणी उतरेल. अस्तर उत्तम असले, तरी ते फाटू शकते. फाटल्यावर भिस्त राहते ती खालच्या मातीच्या थरावर आणि नैसर्गिक जमिनीवर.

आपण येथे पाहुणे नाही. येथलेच पाणी पितो. अशा प्रकल्पाची जनसुनावणी निघाली, तर मंडळाच्या सभासदांनी तिला अवश्य जावे आणि विनयाने विचारावे: बोअर किती घेतले? पावसाळ्यानंतरची पातळी कोणती? पाणी कोणाच्या विहिरीकडे वाहते? दूषित झालेले भूजल पुन्हा शुद्ध होण्यास दशके लागतात. हे प्रश्न विचारण्यास एक दुपार पुरते.