खोकला धुळीचा की गोळीचा?

मी खुर्सीपारमधून बोलतोय. आमच्याकडे कुणी खोकलं की निदान ठरलेलं, कारखान्याची धूळ! भिलाईची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून सगळ्या खोकल्यांचं बिल तिच्याच नावावर फाडलं जातं. पण घरात कुणी संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट घेत असेल, तर हे निदान महागात पडू शकतं.

मी फौजी माणूस, डॉक्टर नाही. माझी पत्नी हे औषध गेली सहा वर्षं घेते, म्हणून मी त्यात लक्ष घातलं. आमवातात शरीराचे पहारेकरी आपल्याच सांध्यांवर गोळीबार करतात. औषध त्यांना आवरतं. १९४० च्या दशकात अमेरिकेत आपल्या भीमावरमच्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या गटाने जी औषधं घडवली, त्यांतलं हे एक. तेव्हा लढाई रक्ताच्या कर्करोगाशी होती. आमवातात मात्र मात्रा लहान, आणि आठवड्यातून एकदाच. रोज घेतलं तर जिवावर बेततं.

क्वचित हेच औषध फुप्फुसांना सूज आणतं. बहुधा पहिल्या वर्षात, पण पुढेही. कोरडा खोकला, ताप, आणि पूर्वी ज्या जिन्यावर काही होत नव्हतं तिथे धाप. वेळेत औषध थांबवलं तर बहुतेक जण सावरतात.

पेच असा की पहारा ढिला झाल्यावर न्यूमोसिस्टिस नावाची बुरशीही फुप्फुसात शिरू शकते, आणि दोन्ही आजार सीटी स्कॅनमध्येही सारखे दिसू शकतात. शत्रू कोण ते तपासल्याशिवाय कळत नाही. या बुरशीवर को-ट्रायमॉक्साझोल देतात. पण तीच गोळी मेथोट्रेक्सेट चालू असताना घेतली तर रक्तपेशी धोकादायक घटू शकतात. आणि लघवीची जळजळ झाली की लोक ही गोळी मेडिकलवाल्याकडून सर्रास मागून आणतात!

नवा खोकला किंवा धाप आली तर पुढची मेथोट्रेक्सेट घ्यायची नाही, त्याच दिवशी फोन करायचा, असं पत्नीच्या डॉक्टरांनी सांगून ठेवलंय. स्टिरॉइड चालू असेल तर ते मात्र आपल्या मनाने एकदम बंद करायचं नाही.

तिच्या पर्समध्ये औषधांची चिठ्ठी असते. हिंदीत, कारण रात्री सेक्टर ९ च्या इस्पितळात ड्यूटीवरच्या डॉक्टरला मराठी येईलच असं नाही. त्यात ‘हफ्ते में एक बार, बुधवार’ या ओळीखाली मी दोन रेघा मारल्यात.