विजेची मोटार, छपरावरचे ऊन आणि जमिनीतील तार

(ग्रामपंचायत सदस्य, ग्रामपंचायत अधिकारी व शिक्षक यांच्या प्रशिक्षण वर्गात एका माहिती अधिकाऱ्याने केलेले भाषण)



१ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरकडे एस.टी.ची पहिली गाडी निघाली. त्यानंतर बरोबर चौऱ्याहत्तर वर्षांनी, १ जून २०२२ रोजी, त्याच मार्गावर महामंडळाची विजेवर चालणारी 'शिवाई' धावू लागली. तसे पाहिले तर विजेवरची वाहतूक महाराष्ट्राला नवी नाही. मुंबईत १९०७ ते १९६४ या काळात विजेच्या ट्रॅम धावत होत्या आणि ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातील पहिली विजेची आगगाडी मुंबईहून कुर्ल्यापर्यंत गेली. परंतु ट्रॅमला आणि आगगाडीला डोक्यावर तार होती. आजची विजेची मोटार आपली वीज बॅटरीत साठवून बरोबर घेऊन जाते, आणि ती वीज भरून घेण्याचे ठिकाण आपल्या घराची भिंत हे असते. नवीन आहे ते एवढेच. पण या एवढ्याशा बदलाने घर, गाव आणि रस्ता या तिघांवरही नव्या जबाबदाऱ्या येऊन पडल्या आहेत. त्यांविषयी आज बोलावयाचे आहे.

मी अभियंता नाही. माझे शिक्षण कला शाखेचे. यास्तव यंत्रशास्त्राच्या खोलात न शिरता, विजेची एक लहान मोटार आणि घराच्या गच्चीवरील तीन किलोवॅटची सौर यंत्रणा यांच्यासह संसार करताना जे अनुभवास आले, तेवढेच आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम हिशेब पाहू. माझी मोटार एका युनिटमध्ये सुमारे सात किलोमीटर चालते. महिन्याला हजार किलोमीटर प्रवास धरला तर १४० ते १४५ युनिट लागतात. घराचा वापर १५० युनिट. म्हणजे एकूण गरज तीनशेच्या आत. आपल्याकडे एक किलोवॅटची सौर यंत्रणा वर्षाची सरासरी धरता दिवसाला सुमारे चार युनिट वीज देते. तीन किलोवॅटची बारा युनिट देईल. त्यासाठी सावली न पडणारी तीनशे चौरस फुटांच्या आसपास जागा हवी. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'प्रधानमंत्री सूर्यघर : मोफत वीज योजने'त पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार, असे जास्तीत जास्त ७८ हजार रुपयांचे अनुदान ठेवण्यात आले. कागदावर हा हिशेब उत्तम जुळतो.

व्यवहारात मात्र त्याला चार पुरवण्या जोडाव्या लागतात. पहिली अशी की, आषाढ-श्रावणात बारा युनिटांची सहा-सात होतात. उन्हाळ्यात जास्तीची वीज जाळ्यात जमा होते आणि पावसाळ्यात ती वजा करून घेता येते, म्हणून हा तुटवडा भागतो. दुसरी, बिल शून्य होते असे लोक समजतात. पण स्थिर आकार द्यावाच लागतो. तिसरी, पट्ट्या पुसाव्या लागतात. आमच्या भागात हंगामात उसाचे पाचट जाळले जाते, त्याची काजळी पट्ट्यांवर बसली की उत्पादन घटते. पंधरा दिवसांतून एकदा सकाळच्या गारव्यात नुसत्या पाण्याने पुसणे हा आता घरातील मुलांचा नेम झाला आहे.

चौथी पुरवणी सर्वांत महत्त्वाची. वीजपुरवठा खंडित झाला की छपरावर लख्ख ऊन असूनही घरातील दिवे जातात. माझ्याकडे पहिल्यांदा असे झाले तेव्हा यंत्रणा बिघडली असे समजून मी तक्रार करण्यास निघालो होतो. खरा प्रकार निराळा आहे. साठवणीची बॅटरी नसलेली, जाळ्याशी जोडलेली यंत्रणा पुरवठा जाताच मुद्दाम बंद होते. खांबावर चढलेला वायरमन तार मृत आहे असे समजून काम करीत असतो. माझ्या छपरावरील वीज त्या तारेत उलटी शिरली तर त्याच्या जिवावर बेतेल. गावात ही यंत्रणा येईल तेव्हा प्रत्येक घरी हे समजावून सांगणे अगत्याचे आहे. नाही तर फसवणूक झाली अशी भावना पसरते.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ऊन पडते दुपारी, आणि त्या वेळी माझी मोटार कचेरीच्या आवारात उभी असते. मी ती भरतो रात्री. हिशेबाच्या वहीत ती वीज माझ्या छपरावरची असते. प्रत्यक्षात रात्रीच्या विजेत मोठा वाटा कोळशाचा, म्हणजे चंद्रपूरसारख्या औष्णिक केंद्रांचा असतो. गाडीच्या मागे धूर नाही याचा अर्थ धूर कोठेच नाही असा नव्हे. तरीही ती फायद्याचीच ठरते. देशातील जाळ्यातील एका युनिटमागे सरासरी ०.७ किलोग्रॅम कर्बवायू निघतो. म्हणजे हजार किलोमीटरला सुमारे शंभर किलोग्रॅम. लिटरला सोळा किलोमीटर चालणारी पेट्रोलची गाडी तेवढ्याच अंतरात १४० किलोग्रॅमहून अधिक सोडते. दुपारच्या उन्हात थेट गाडी भरता आली तर हा फरक कितीतरी वाढेल. म्हणूनच कचेऱ्या, शाळा आणि ग्रामपंचायत कार्यालये यांची छपरे आणि त्यांच्या आवारातील वाहनतळ यांचा विचार एकत्र व्हावयास हवा.

आता सार्वजनिक चार्जिंगविषयी. येथे मी एक प्रसंग सांगणार आहे. तो माझ्या चुकीचाही आहे.

मे महिन्यात सोलापूरला शस्त्रक्रिया झालेल्या माझ्या आईला घेऊन मी साताऱ्याकडे निघालो होतो. पंढरपूर, म्हसवड, दहिवडी असा रस्ता. उन्हाची काहिली, त्यामुळे गाडीतील थंड हवेचे यंत्र सतत चालू. वाटेतील एका केंद्रावर गाडी भरून घ्यावी असा बेत होता. तेथे पोहोचलो तर यंत्राचा पडदा काळा. मोबाइलवर ते केंद्र 'उपलब्ध' दिसत होते. मदतीच्या क्रमांकावर कोणी बोलेना. गाडीत तीस किलोमीटरची वीज उरलेली आणि घर सत्तर किलोमीटर दूर. आईला फार वेळ बसण्याची मनाई होती.

माण तालुक्यातील पुढच्या गावात शाळा दिसली. सुट्टीचे दिवस, पण जवळच राहणारे मुख्याध्यापक निरोप मिळताच किल्ली घेऊन आले. आईसाठी त्यांनी वर्गात सतरंजी अंथरली, माठातले पाणी दिले. आम्ही पंधरा अँपिअरच्या जोडणीत गाडीचा चार्जर लावला. त्यावर लाल दिवा लागला. दुसऱ्या खोलीत लावला, तेथेही लाल. अर्थिंग नाही, असे तो सांगत होता.

गावातील वीजकाम करणारा एक तरुण आला. तो म्हणाला, "साहेब, दोन मिनिटांचं काम आहे. न्यूट्रल आणि अर्थ आतून जोडून देतो, गाडी लगेच घेईल." आईच्या चेहऱ्याकडे पाहून मी जवळजवळ होकार दिला होता. गुरुजींनी त्याला थांबविले. ते म्हणाले, "साहेब, गाडीला फसवता येईल. पण न्यूट्रल कुठं तुटली तर गाडीचा पत्रा विजेवर येईल, आणि आजींना हात धरून तुम्हीच गाडीत बसवणार आहात." मी गप्प राहिलो.

अखेर गावातील पिठाच्या गिरणीत सोय झाली. गिरणीवाल्याने यंत्रासाठी रीतसर अर्थिंग करून घेतले होते आणि उन्हाळ्यात त्या खड्ड्यात तो नेमाने पाणी ओतीत असे. तेथे हिरवा दिवा लागला. अशा साध्या जोडणीतून तासाला सुमारे तीन युनिट, म्हणजे वीस किलोमीटरची वीज मिळते. तीन तास आम्ही थांबलो. निघताना आई म्हणाली, "पूर्वी माणूस बैलगाडी जुंपायच्या आधी वैरण-पाणी कुठं मिळेल ते बघून निघत असे. तू तेवढंही बघितलं नाहीस." त्या एका वाक्यात माझी चूक आली. एकाच केंद्रावर भिस्त ठेवावयाची नसते. बॅटरी वीस टक्क्यांच्या खाली जाऊ न देता, दुसरे ठिकाण मनात धरूनच निघावयास हवे.

परंतु घरी पोहोचल्यावर मला माझ्या चुकीपेक्षा दुसऱ्याच गोष्टीने अस्वस्थ केले. मोटारीच्या चार्जरने जी भिंत नाकारली, त्याच भिंतीवर शाळेच्या पाण्याच्या मोटारीचे बटण होते. त्याच जोडणीवर संगणक होता. चार्जरला धोका ओळखता येतो आणि तो नकार देतो. टाकीच्या नळाला हात लावणाऱ्या मुलाला ते ओळखता येत नाही. शाळा बांधताना अर्थिंग केलेले होते. पण कोरड्या, खडकाळ जमिनीत त्याला वर्षानुवर्षे कोणी पाणी घातले नव्हते आणि तार गंजून तुटली होती. जून उजाडण्यापूर्वी गुरुजींनी हा विषय ग्रामपंचायतीपुढे नेला आणि शाळा उघडण्याच्या आत नवे अर्थिंग झाले. पुढे पावसाळ्यात मी मुद्दाम त्या गावी गेलो. गाडी भरण्याची मला गरज नव्हती. तरीही गुरुजींच्या आग्रहास्तव चार्जर लावून पाहिला. हिरवा दिवा लागला, तेव्हा आम्ही दोघेही काही बोललो नाही.

मित्रहो, शासनाची धोरणे आपल्या परीने पुढे जात आहेत. घरच्या किंवा कचेरीच्या असलेल्या जोडणीवर आपले वाहन भरण्यास मुभा आहे. वाहन भरून देणे ही वीजविक्री नसून सेवा आहे, तिला वीज वितरणाचा परवाना लागत नाही, असे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्येच स्पष्ट केले. राज्याच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणात राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय हे उद्दिष्ट ठेवले असून, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग व अटल सेतू यांवर विजेच्या मोटारींना पथकरात सूट दिली आहे. पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी हे लहानसे गाव २०२४ मध्ये राज्यातील पहिले सौरग्राम झाले. तथापि, केंद्र उभे राहणे आणि केंद्र चालू राहणे यांत अंतर असते, आणि ते अंतर स्थानिक देखरेखीनेच भरून निघते.

म्हणून आपणांस चार सूचना करावयाच्या आहेत. गावच्या हद्दीत चार्जिंग केंद्रासाठी जागा देताना, बंद पडल्यास किती दिवसांत दुरुस्त होईल आणि कोणाशी संपर्क साधावयाचा, हे करारात लिहून घ्या आणि तेथे ठळक फलकावर लावा. शाळा, अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्र व ग्रामपंचायत कार्यालय यांच्या अर्थिंगची तपासणी परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून दरवर्षी उन्हाळ्यातच करून घ्या. कारण जमीन कोरडी असते तेव्हाच त्याची खरी परीक्षा होते. गळती होताच पुरवठा तोडणारे ३० मिलिअँपिअरचे उपकरण प्रत्येक ठिकाणी बसवून घ्या. आणि घरी गाडी घेणाऱ्यास, मंजूर वीजभार वाढवून स्वतंत्र जोडणी घेण्यास सांगा. जुन्या वायरीवर रात्रभर गाडी लावून ठेवणे हे आगीला निमंत्रण आहे.

यातील मधल्या दोन गोष्टींसाठी गावात एकही विजेची मोटार असण्याची गरज नाही. ज्यांना स्वतःचे छप्पर नाही आणि मोटार घेण्याची ऐपत नाही, अशी कुटुंबे आपल्या गावांत पुष्कळ आहेत. या नव्या युगाचा लाभ त्यांच्यापर्यंत पोहोचावयाचा असेल, तर त्याचा पहिला हप्ता त्यांच्या मुलांच्या शाळेतील सुरक्षित भिंत हाच असू शकतो.

या वर्गाहून परत गेल्यावर, येत्या ग्रामसभेपूर्वी, आपल्या शाळेतील अर्थिंगचा खड्डा कोठे आहे एवढे शोधून पाहा. तो सापडला तर त्यात बादलीभर पाणी घाला आणि ठेकेदाराला बोलवा. तो सापडला नाही, तर ग्रामसभेत पहिला विषय तोच घ्या.